घर खाली करताना

मधल्या खोलीचं दार कधी पूर्ण उघडतच नसे. हातभर उघडलं की आतल्या कशाला तरी अडायचं, आणि मग अंग आडवं करून आत शिरावं लागायचं. आमचं घर तसं मोठं नाही. मिऱ्याला, समुद्राच्या बंधाऱ्यापासून दोन घरं आत, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. पुढे पडवी, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, डोक्यावर पोटमाळा. बाबांनी होडीच्या कमाईतून बांधलेलं. एके काळी ह्यात आम्ही पाच माणसं राहत होतो, वर पाहुणेही मावायचे. आता मी एकटी राहते, आणि गेली काही वर्षं मलाच निजायला स्वयंपाकघराखेरीज जागा उरली नव्हती.

ह्या सामानातलं माझं म्हणाल तर एक शिवणयंत्र आणि चिंध्यांची गाठोडी. जन्मभर गावातल्या बायकांची पोलकी शिवली, त्याच्या त्या चिंध्या. बाकी सगळं मुंबईकरांचं. धाकटा भाऊ विजू नोकरीला म्हणून गेला, तो नालासोपाऱ्याचा झाला. जाताना कॅरम भिंतीला टेकवून गेला, म्हणाला, "ताय, ऱ्हाव दे हितंच, गनपतीला नेतो." त्याच्या पाठची मंदा दहिसरला दिली. तिचं बाळंतपण इथे झालं आणि पाळणा इथेच राहिला. पुढे उलटी गंगा वाहायला लागली. मुंबईत जे जे बंद पडेल ते ते टेंपोत घालून गावाला यायला लागलं. पाठीला ढेरी असलेला टीव्ही आला. सोफा-कम-बेड आला, तो ना सोफा राहिला होता ना बेड. दोन मिक्सर आले, त्यातल्या एकाला भांडं नव्हतं आणि दुसऱ्याला मोटर. "गावाला उपयोगी पडेल," म्हणायचे. गावाला म्हणजे मला.

दरवर्षी मी विचारायचे, हे कधी नेताय? उत्तर ठरलेलं: "असू दे गं, गणपतीला बघू." आणि गणपतीत सामानाकडे बघायला कोणाला फुरसत? आरत्या, मोदक, झोपायला जागा नाही म्हणून कुरकुर, की लगेच परतीच्या गाडीची घाई. दारात रिक्षा लागली की माझ्या हातात आणखी एक पिशवी यायची. "ही एवढी ठेव."

गेल्या पावसाळ्यात खोकला लागला तो शिमगा आला तरी सुटेना, तेव्हा शहरात जाऊन डॉक्टरला दाखवलं. तरणा पोरगा, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला.

"आजी, तुम्ही कशात राहता?"

"मिऱ्यात."

"तसं नाही. घरात ओल, धूळ, बुरशी, काय आहे?"

"सामान आहे."

"मग पावसाच्या आधी ते कमी करा. अजून एक पावसाळा त्या बुरशीत काढलात, तर ही छाती माझ्याच्याने बरी व्हायची नाही."

रिक्षातून परत येताना मी हिशेब करत होते तो खोकल्याचा नव्हे. मला भीती वाटत होती ती वेगळीच, आणि ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती. विजूचा कॅरम इथे आहे तोवर विजूचं काहीतरी इथे आहे. पाळणा आहे तोवर मंदाला इथलं काहीतरी आठवायचं राहिलंय. फोन केला तर निदान त्या निमित्ताने दोन शब्द होतात: ते कुठे ठेवलंस, वाळवी तर नाही ना लागली? हे सगळं काढून टाकलं तर ह्या माणसांना इथे यायला कारण काय उरेल? मी त्या सामानावर बसलेली भुजंगीण नव्हते, पण त्या सामानावाचून मी कोणाची कोण, हे मला खरंच कळत नव्हतं.

तरी जिवाला भिऊन पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कंबर कसली. एका दिवसात काय ते उरकायचं, असं ठरवून मधली खोली धडाधड अंगणात आणून ओतली. दुपारपर्यंत अंगण भरलं, पडवी भरली, तुळशीला प्रदक्षिणा घालायला वाट उरली नाही. आणि मग मी त्या सगळ्याच्या मधोमध एक घमेलं पालथं घालून बसले ती बसलेच. हे टाकावं तर ते का ठेवावं? हे ठेवावं तर मग सगळंच काय वाईट आहे? एकेक वस्तू माझ्याकडे बघत होती, आणि मला हातसुद्धा उचलवेना. शेजारची सुगंधा मासे विकून रिकामी पाटी घेऊन परत येत होती. ती कुंपणाशी थांबली.

"ताय, लिलाव मांडलास काय गो?"

मी उत्तर द्यायला गेले आणि रडूच फुटलं. ती बिचारी घाबरली. पाटी खाली ठेवून आत आली, मला पाणी दिलं, आणि तिन्हीसांजेच्या आत आम्ही दोघींनी सगळं सामान पुन्हा आत कोंबलं. त्यानंतर दार पूर्वी हातभर उघडायचं, ते वीतभर उघडायला लागलं.

पुढचे कित्येक दिवस मी त्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. मग एका सकाळी पोटमाळ्यावरून सुपली काढायला गेले तर आईची पाटी हाताला लागली. जर्मनची, कडेला पोचे पडलेली. आई ही पाटी डोक्यावर घेऊन शहरात आळीआळीतून मासे विकायची. बंदरावर मासळी कितीही स्वस्त असो, ती पाटीपेक्षा जास्त घ्यायची नाही. बाकीच्या बायका शीग लावून भरायच्या आणि वाटेत मान अवघडून बसायच्या. आई म्हणायची, "डोक्याला पेलंल तेवडाच उचलायचा. उरल्याला उद्या हाय."

तेवढंच धरलं. सकाळचा चहा झाला की पाटी घेऊन मधल्या खोलीत जायचं, पाटीत मावेल तेवढं बाहेर आणायचं, त्याची सोय लावायची, आणि दार लोटून घ्यायचं. दुसरी पाटी भरायची नाही. अंगात जोर असला तरी नाही, आणि मन उदास असलं तर आधी नाहीच. सुरुवातीला हात शिवशिवायचे. तेव्हा मी मुद्दाम शिवायला बसायचे.

पहिल्या पाट्या बरण्यांच्या निघाल्या. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर आगोट भरतात. होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारायच्या आणि पावसाळाभर पुरेल एवढं घरात भरून ठेवायचं. वैशाखात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. एकीकडे बोंबील, एकीकडे सुकट, खाटेवर सोडे, आणि सुपांतून कोकमाची सोलं, त्यांचा लाल रस सारवलेल्या जमिनीवर ओघळलेला. राखण माझ्याकडे. काठी घेऊन जांभळीच्या सावलीत बसायचं आणि कावळ्यांशी भांडायचं. ऊन चढलं की सुकटीचा वास असा उठायचा की शहरातून आलेलं माणूस नाकाला रुमाल लावी. मला मात्र तो वास आला की अजून पोट भरल्यासारखं वाटतं. घर भरलंय, सगळे घरात आहेत, आता हवा तेवढा कोसळ बाबा! असं आई आभाळाकडे बघून म्हणायची. त्याच वैशाखात यंदा मी घर रिकामं करत होते. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, डोस्का फिरला काय गो तुजा?

बरण्यांच्या तळाला मीठ दगडासारखं बसलेलं होतं. एका बरणीचं झाकण उघडलं आणि आत काही नसताना आमसुलाचा वास आला. ती बरणी मी परत आत ठेवणार होते. मग म्हटलं, वास ठेवायला कपाट कुठवर पुरणार. सुगंधाची लेक बरण्या घेऊन गेली.

मग काही दिवस मखरं निघत राहिली. थर्माकोलचे खांब, कमानी, मोर, एक अर्धवट रंगवलेलं शंकराचं देऊळ. त्यांच्याही आधीची, कागदाची, माझ्या मनात होती तेवढीच. विजू शाळेत असताना मैद्याची खळ शिजवायला मला बसवायचा. "गुठळी ऱ्हायली तर बग!" म्हणून दटावायचा, पोरगा माझ्याहून एवढासा. खळीचा तो आंबूस वास, त्याच्या बोटांना चिकटलेला सोनेरी कागद, पडवीभर कातरण, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळं घर कुजबुजत चालायचं, कारण मखर वाळत असायचं. आई म्हणायची, देव आला नाही तोवर ह्याचाच देव्हारा. थर्माकोलला भंगारवाल्याने हात लावला नाही. "ये नहीं लेंगा, मौसी," म्हणाला आणि कर्णा वाजवत पुढे गेला. शेवटी नगरपालिकेच्या गाडीत घातलं. मोराची मान गाडीच्या बाहेर आलेली, ती वळणापर्यंत दिसत होती.

एका पाटीत गॅसबत्ती निघाली. ती पेटवणं हे बाबांचं काम, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी स्पिरिटचा निळा जाळ, मग पंप मारल्याचा खस्सखस्स आवाज, आणि मग एकदम जाळीतून तो पांढरा उजेड. तो नुसता दिसायचा नाही, ऐकू यायचा. लग्न असो, गौरी असोत, बत्तीचा सूं सूं आवाज चालू आहे म्हणजे घरात माणसं आहेत. बाबा गेल्यावर ती कोणालाच पेटवता आली नाही, आणि तोवर वीज आली होती म्हणून कोणाला आठवलीही नाही. ती मी भजनी मंडळाला दिली. ते ती पेटवणार नाहीत, नुसती टांगून ठेवतील. पण निदान माणसांत राहील.

पाळणा मात्र विचारल्याशिवाय देववेना. मंदाला फोन लावला. "अगं टाकू नको हां!" ती म्हणाली, "सुनेला लागला तर?" मी म्हटलं, सून गावाला येणार आहे का बाळंतपणाला? त्यावर ती म्हणाली, "असू दे ना गं. तुला काय जड होतंय?" मी बरं म्हणून फोन ठेवला. पाळण्याला लटकवलेली लाकडी पाखरं होती, त्यांचा रंग उडून आता नुसतं लाकूड राहिलं होतं. मी ती पुसली आणि पाळणा तेवढा मागे ठेवला.

आणि मग वैशाख अर्धा सरल्यावर भिंतीकडच्या ढिगाखालून बाबांची पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणि दोरखंडाचं वेटोळं हाताला लागलं. दोरखंड कुजलेला होता. पण त्यातून खाऱ्या पाण्याचा, डिझेलचा आणि तेल लावलेल्या लाकडाचा असा वास आला की मी त्या खोलीत नव्हतेच. मी बंदरावर होते. होडी आत येताना दिसली की आम्ही पोरं धावत सुटायचो. बायका कासोटा घट्ट करून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, डोक्यावर पाट्या, चेष्टामस्करी चाललेली, आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहून बाबा ओरडायचे, "खाली करा रे! बिगी बिगी खाली करा!" की पाट्यांमागून पाट्या उतरायच्या. मला मासळी बघायची हौस नव्हती. मी होडीकडे बघत उभी राहायचे. पाण्यात बुडालेली ती पाटीपाटीने हलकी होत वर यायची. आधी निळा पट्टा दिसायचा, मग त्याखालचा पांढरा, मग शेवाळलेलं पोट. सगळं उतरलं की ती लाटेबरोबर डुलायला लागायची. मग बाबा हसायचे. खाली झालेली होडी म्हणजे उद्या परत जाणारी होडी.

त्या दिवशी संध्याकाळी विजूच्या मुलाचा, ओंकारचा फोन आला. हा एक मुलगा अधूनमधून आपणहून फोन करतो. "आत्या, काय करतेस?" म्हणाला. माझं मन अजून बंदरावरच होतं.

"घर खाली करतंय, बाबू. आता थोडाच राह्यलाय."

तो म्हणाला, "अच्छा, अच्छा," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबेना. वर्षाचे फोन एका दिवसात आले म्हणा ना. आधी मंदा. "कोणाला दिलंस? आम्हाला एका शब्दाने विचारलं पण नाहीस?" मला वाटलं ही पाळण्याबद्दल बोलतेय. म्हटलं, नाही गं दिला, आहे इथेच. ती म्हणाली, "पाळणा नाही, घर!" मग दहिसरचे जावई. मग विजूची बायको, जिचा आवाज मी एरवी फक्त गणपतीत ऐकते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुंबईत माणसं खोली खाली करतात, म्हणजे ती सोडून जातात. मी होडीचं बोलत होते, त्यांना खोलीचं ऐकू गेलं होतं.

शेवटी विजूचा फोन आला. खुलासा करायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, तू कोणाला काही सही-बिही देऊ नको. मी शनिवारी येतोय." मी उघडलेलं तोंड मिटलं. गणपती नाही, शिमगा नाही, आणि विजू येतोय! खोटं काही मी बोलले नाही. नुसतं खरं बोलायचं लांबवलं, एवढंच.

त्या आठवड्यात मात्र मी आईचा नियम मोडला. सकाळ-संध्याकाळ पाट्या भरल्या. सोफा-कम-बेड भंगारवाल्याने नेला. टीव्ही नेताना तो म्हणाला, मौसी, इसमें कुछ नहीं है, मी म्हटलं, मला ठाऊक आहे, घेऊन जा. खोली धुतली, भिंतीवरची बुरशी खरवडून चुना लावला. खिडकीचा खिळा खाऱ्या हवेने गंजून बसला होता तो सुगंधाच्या नवऱ्याने तोडून दिला. खिडकी उघडली आणि समुद्र आत आला, म्हणजे त्याचा आवाज. ह्या खोलीत तो असा ऐकू येतो हे मी विसरूनच गेले होते. दार भिंतीला जाऊन टेकलं. विजूसाठी चटई अंथरली, धुतलेली चादर घातली. सुगंधाला कालवं सांगितली, ती त्याला लहानपणापासून आवडतात. रविवारसाठी ताजा हलवा मासा आणून ठेव म्हणून सांगितलं.

"दोन दिस ऱ्हानार वाटतं भाव!" ती म्हणाली. तिचं ऐकून मला केवढा आनंद झाला.

शनिवारी सकाळी रिक्षा दारात थांबली. विजूचे केस मागच्या गणपतीपेक्षा पांढरे झालेले. चहा घेण्याआधी त्याने घर बघितलं. मधल्या खोलीत उभा राहिला, भिंतीवर हात फिरवला, वर वाशांकडे बघितलं. त्याचं ते बघणं मला आवडलं नाही. मी पुसून ठेवलेला कॅरम पुढे केला. त्याने उभ्याउभ्या एक सोंगटी टिचकीने मारली, ती कडेला आपटून परत आली.

"देऊन टाक गं कोणाला तरी," तो म्हणाला, "आता खाली बसवत नाही मला."

एवढंच. माझ्या छातीवर इतकी वर्षं जे ओझं होतं, ते त्याच्या गावीही नव्हतं. वाईट वाटलं. हलकंही वाटलं.

जेवायला बसलो. घावणे आणि कालवांचं कालवण. दोन घास झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "ताई, खरं सांग. कोण घेतोय घर? रिसॉर्टवाला आहे का कोणी?"

"कोन घेनार? कोन नाय."

"मग ओंकारला बोललीस ना, खाली करतेय?"

"अरे, खाली म्हणजे... बाबा होडी खाली करायचे तसा! सामान काढत होते मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ह्याला होडी आठवत नाही की काय. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. मलाही आवरेना. दोघंही उष्ट्या हातांनी हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि हसताना तो अगदी खळीने बोटं माखलेला विजू दिसत होता. "मी पार विसरलो होतो गं," तो म्हणत होता, "होडी! पार विसरलो." मंदाला लगेच फोन लावून त्याने सगळं सांगितलं, पलीकडून तीही हसली. कितीतरी वर्षांनी आम्ही तिघं एकदम हसलो असू.

हात धुऊन येताना त्याने पुन्हा एकदा विचारलं, "म्हणजे विकणार नाहीस ना?"

"नाय रे बाबा," मी म्हटलं, "विकून जाऊ कुठे?"

"मग झालं," तो म्हणाला. खिशातून मोबाइल काढला, गाडी बघितली. "संध्याकाळच्या गाडीने निघतो मग. उद्या रविवार, घरी जरा कामं आहेत. इथे आता काही प्रॉब्लेम नाही ना?"

काही प्रॉब्लेम नव्हता. मी त्याला आंब्याची पेटी बांधून दिली, सोड्यांची पुरचुंडी दिली. चटईवर तो जेमतेम पाठ टेकण्याएवढा पडला, चादर चुरगळलीसुद्धा नाही. रिक्षात बसताना म्हणाला, "छान केलीस गं खोली. मोकळी वाटते." रिक्षा बंधाऱ्याच्या वळणावर गेली तोवर मी पडवीत उभी होते.

आता त्याच चटईवर पडून आहे. खिडकीतून वारा येतोय, समुद्र वाजतोय, आणि दुपारपासून एकदाही खोकला आलेला नाही. डॉक्टरचं बरोबर होतं. विजूने विचारलं, विकणार नाहीस ना, आणि मी एवढ्या घाईने नाही म्हणून मोकळी झाले. नुसतं "विचार करतेय" म्हटलं असतं, तर निदान उद्याचा हलवा खाऊन गेला असता.